विकत घेतलेल्या घरांतील बिऱ्हाडकरू

(नभोवाणीवरील भाषण)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहीं जणांस नवल वाटेल. ज्या माणसाचें आयुष्य फळा, खडू आणि मुलांच्या वह्या यांच्या संगतींत गेलें, त्यानें मोबाईल फोनविषयीं बोलावें कशाला, अशी शंका येणें साहजिक आहे. मी यंत्रशास्त्रज्ञ नाहीं. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि शाळेंत हयात घालविलेला एक मास्तर आहें. परंतु फोन ही वस्तु आतां शास्त्रज्ञांची राहिली नसून घरोघरच्या फडताळांतली झाली आहे. आणि घरांतल्या वस्तूंविषयीं घरांतल्या माणसांनीं बोलण्यास हरकत नसावी. प्रश्न साधा आहे. फोन तयार करणाऱ्या कारखानदारानें, आपण न मागितलेलीं, दुसऱ्याच कोणा कंपन्यांचीं अॅप्स फोनांत आधींच भरून तो आपणांस विकावा काय?

या प्रश्नाकडे माझें लक्ष वेधलें तें एका घरगुती प्रसंगानें. तो प्रथम सांगतों.

आमचें सावनेर हें नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें तालुक्याचें गांव. माझी थोरली बहीण येथेंच राहते. आम्ही सर्व तिला बाई म्हणतों. तिचे यजमान डाकखात्यांत होते; ते वारले, तेव्हांपासून तिला कुटुंब-निवृत्तिवेतन मिळतें. हें वेतन चालू राहावें म्हणून दर वर्षीं नोव्हेंबर महिन्यांत आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. पूर्वीं त्यासाठीं बँकेंत किंवा टपालकचेरींत जाऊन बसावें लागे. २०२१ सालापासून फोनासमोर चेहरा धरून घरबसल्या दाखला देण्याची सोय सरकारनें केली आहे. त्यासाठीं फोनांत दोन अॅप्स लागतात; एक ‘जीवन प्रमाण’ आणि दुसरें आधारवरून चेहरा ओळखणारें. बाईचे गुडघे धरलेले. ही सोय तिच्यासारखीसाठींच आहे असें म्हणून मी आणि तिचा नातू असे दोघे तिचा फोन घेऊन बसलों.

फोन दोन वर्षांपूर्वीं गांवांतल्याच दुकानांतून घेतलेला, स्वस्तांतला. अॅप उतरवून घेऊं लागलों तों फोनानें कळविलें कीं, जागा शिल्लक नाहीं. बाई फोन वापरते तरी किती! मुलीशीं बोलणें, भजनें ऐकणें, नातवंडांचे फोटो पाहणें. मग जागा गेली कोठें? नातवानें यादी उघडून दाखविली. तींत पत्त्यांचा एक खेळ होता, रंगीत गोळ्या फोडण्याचा दुसरा होता, बातम्यांचीं दोन अॅप्स होतीं, खरेदीचें एक, कर्ज देऊं करणारें एक, आणि ज्यांचा उपयोग नातवालाही सांगतां येईना अशीं आणखी चार-पांच होतीं. यांतलें एकही बाईनें घेतलेलें नव्हतें. तीं सारीं फोनाबरोबरच आलेलीं. त्यांपैकीं कांहीं निघालीं. बाकीच्यांवर कितीही वेळ बोट दाबून धरलें तरी ‘अनइन्स्टॉल’चा पर्यायच येईना. ‘बंद करा’ एवढाच येई.

महिन्याची अखेर जवळ आली होती. नातवाला घाई झाली. त्यानें फोनांतील सर्वांत जड वस्तु कोणती तें पाहिलें, ती पुसली आणि पुसलेल्या वस्तूंची टोपलीही रिकामी केली. जागा झाली, अॅप्स आलीं, बाईनें डोळ्यांची उघडझाप केली, दाखला गेला. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं बाईचा निरोप आला कीं, फोनांतलें भजन सांपडत नाहीं. तें भजन म्हणजे तिच्या यजमानांनीं आजारी पडण्यापूर्वीं अदाशाच्या गणपतीच्या देवळांत म्हटलेलें. नऊ मिनिटांचा व्हिडिओ. त्याची दुसरी प्रत कोठेंही नव्हती.

बाई रागावली नाहीं. नातवाला तर ती एका शब्दानेंही बोलली नाहीं. मला एवढेंच म्हणाली, “अरे, तो पत्त्यांचा खेळ काढला असता तर नसतं का चाललं?” खेळ निघत नव्हता, हें मीं तिला सांगितलें. तिला तें पटलें नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर मलाही पटलें नाहीं. फोन बाईचा, पैसे बाईचे. मग त्यांत काय राहावें आणि काय जावें हें ठरविणारा तिसराच कोण?

मी त्या दुकानदाराकडे गेलों. मनुष्य ओळखीचा, एके काळचा माझाच विद्यार्थी. त्यानें जें उत्तर दिलें तें विचार करण्यासारखें आहे. तो म्हणाला, “गुरुजी, ती अॅप्स आहेत म्हणून तर हा फोन या किंमतीला मिळतो. ती नसती तर हाच फोन महाग पडला असता. मग बाईंनी घेतला असता का?”

हें उत्तर झटकून टाकण्याजोगें नाहीं. मीं थोडी चौकशी केली, तेव्हां त्यांत पुष्कळच तथ्य आढळलें. स्वस्त फोनांच्या धंद्यांत यंत्रावर सुटणारा नफा फार थोडा असतो. शाओमी या कंपनीनें तर २०१८ सालच्या एप्रिल महिन्यांत जाहीरच केलें कीं, यंत्रांच्या विक्रीवर आपण शेंकडा ५ हून अधिक निव्वळ नफा घेणार नाहीं. मग कारखाना चालतो कसा? यंत्र विकून जें मिळत नाहीं तें पुढें जाहिराती आणि निरनिराळ्या सेवा यांतून मिळवावयाचें, असा हा हिशेब असतो. एखादी अॅपवाली कंपनी कारखानदारास म्हणते, तुमच्या प्रत्येक फोनांत आमचें अॅप ठेवा आणि त्याचे पैसे घ्या. कारखानदार ते घेतो आणि फोनाची किंमत थोडी उतरवितो. वर्तमानपत्राचा अंक इतक्या कमी दरांत आपल्या दारांत पडतो तोही जाहिरातींच्याच बळावर, हें आपण जाणतोंच. मग फोनानेंच काय पाप केलें?

कारखानदाराचें दुसरें म्हणणें याहून तात्त्विक आहे. आपल्याकडील बहुतेक फोन ज्या अँड्रॉइड नांवाच्या प्रणालीवर चालतात, ती गूगल कंपनीनें २००७ सालच्या नोव्हेंबरांत इतर अनेक कंपन्यांना बरोबर घेऊन जाहीर केली. तिचें वैशिष्ट्य असें कीं, तिची मूळ संहिता सर्वांना खुली आहे. कोणींही ती घ्यावी, तींत फेरफार करावे आणि ती आपल्या यंत्रांत घालावी. हा खुलेपणा होता म्हणूनच लहानमोठे कितीतरी कारखाने फोन बनवूं शकले, आणि जी वस्तु एके काळीं श्रीमंतांच्याच हातीं दिसे ती आमच्याकडे संत्र्याच्या बागेंत राबणाऱ्या मजुराच्याही खिशांत आली. कारखानदार विचारतो, प्रणाली खुली आहे ना? मग तींत काय घालावें आणि काय घालूं नये हें ठरविण्यास मी मोकळा आहें. तुम्ही मला अडवूं लागलांत तर खुलेपणा राहिला कोठें?

तिसरें म्हणणें लहानांच्या बाजूचें आहे, आणि मला तें सर्वांत वजनदार वाटतें. २०१५ सालीं मुंबईच्या आय.आय.टी.मधून शिकून बाहेर पडलेल्या कांहीं तरुणांनीं ‘इंडस ओएस’ नांवाची, अँड्रॉइडवरच उभारलेली एक प्रणाली आणली. इंग्रजी न जाणणाऱ्या माणसाला मराठी, गुजराती, तामिळ अशा आपापल्या भाषेंत फोन वापरतां यावा हा तिचा हेतु. मायक्रोमॅक्स या देशी कंपनीच्या फोनांत ती घालून विकली गेली. पुढें त्याच मंडळींचें देशी भाषांतील अॅप्सचें दुकान फोनपे कंपनीनें घेतलें, आणि २१ फेब्रुवारी २०२४ रोजीं ‘इंडस अॅपस्टोअर’ या नांवानें तें नव्यानें सुरू झालें. आतां अडचण पाहा. गूगलच्या दुकानांत दुसऱ्याचें दुकान मांडूं देत नाहींत. तेव्हां अशा नव्या दुकानाला ग्राहकाच्या हातीं पोहोंचण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे फोन विकला जातांनाच त्यांत असणें. आधींच अॅप्स भरण्याची पद्धति कायद्यानें सरसकट बंद केली, तर अशा नवागताची वाट खुंटेल आणि जो आधींच आंत बसला आहे तो सुखानें बसून राहील.

शिवाय कांहीं वस्तु तर आधींच भरलेल्या असणें हेंच योग्य. राम गणेश गडकरी यांनीं २३ जानेवारी १९१९ रोजीं याच सावनेरांत देह ठेवला. अशा गांवांतील माणसाला फोन घेतल्यावर मराठी अक्षरें शोधीत हिंडावें लागावें, हें बरें दिसत नाहीं. मुंबईच्या आय.आय.टी.नें ‘स्वरचक्र’ नांवाचा भारतीय लिप्यांचा एक सुबक कळफलक तयार करून लोकांना फुकट दिला. परंतु ज्याला फोनावर मराठी लिहितांच येत नाहीं, त्यानें तो शोधावा कसा आणि उतरवून घ्यावा कसा? ही अडचण एकट्यादुकट्यानें सोडविण्यासारखी नव्हती. २०१६ सालीं केंद्र सरकारनें आदेश काढला कीं, भारतांत विकल्या जाणाऱ्या फोनांवर राज्यघटनेंतील २२ ही भाषा वाचतां आल्या पाहिजेत, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी एक भारतीय भाषा लिहितां आली पाहिजे. हा आदेश मला सर्वथा योग्य वाटतो. घराला दारें-खिडक्या आधींच बसविलेल्या असाव्यात. त्यांना कोणी बिऱ्हाडकरू म्हणत नाहीं.

इतकें सर्व मान्य केल्यावर बाईचें गाऱ्हाणें उरतें काय? मला वाटतें, उरतें. समजा, आपण आयुष्याची पुंजी घालून तीन खोल्यांचें घर विकत घेतलें. खरेदीखत झालें, किल्ल्या हातीं आल्या. दार उघडून पाहतों तों एका खोलींत कोणाचें तरी बिऱ्हाड नांदत आहे. विचारलें तर घर विकणारा म्हणतो, त्यांनीं मला पैसे दिले आहेत, म्हणून तर घर तुम्हांला स्वस्त पडलें. आपण म्हणतों, बरें तर, आतां त्यांना निघावयास सांगा. तो म्हणतो, तें मात्र जमणार नाहीं. फार तर दार लावून आंत गप्प बसावयास सांगतों. अशा व्यवहाराला आपण खरेदी म्हणूं काय? भाडें घेतो एक आणि जागा देतो दुसरा!

ही केवळ उपमा नव्हे; फोनाची रचनाही अशीच असते. त्याच्या साठवणीचे ढोबळ मानानें दोन भाग असतात. एक आपला, आपले फोटो, निरोप आणि आपण घेतलेलीं अॅप्स त्यांत राहतात. दुसरा प्रणालीचा; तो कारखान्यांतच मोहोरबंद केलेला असतो. तेथील मजकूर वाचतां येतो, पुसतां येत नाहीं. फोन चालण्यासाठीं जें अत्यावश्यक तें चुकून पुसलें जाऊं नये म्हणून ही मोहोर, आणि ती योग्यच आहे. परंतु ज्या कोठींत फोनाचे प्राण ठेवावयाचे त्याच कोठींत पत्त्यांचा खेळही नेऊन ठेवला, म्हणजे तोही प्राणांइतकाच अढळ होऊन बसतो. ‘बंद करा’ म्हटलें तर तो झोपी जातो. मागाहून आलेल्या सुधारणांनीं व्यापलेली जागा सोडतो. परंतु मूळची जागा कांहीं सोडीत नाहीं. महागड्या फोनाच्या धन्याला याची झळ लागत नाहीं, कारण त्याच्याकडे वाडा असतो. ज्याच्याकडे एकच खोली, त्यालाच कोपऱ्यांतला पाहुणा जाचतो. म्हणजे जो अधिक गरीब त्याच्याच फोनांत पाहुणे अधिक आणि जागा कमी, असा हा उलटा न्याय आहे.

वर्तमानपत्राच्या जाहिरातीशीं तुलना येथेंच लंगडी पडते. जाहिरात नको असेल तर आपण पान उलटतों. दुसऱ्या दिवशीं तो अंक रद्दींत जातो आणि त्याचेही चार पैसे येतात. बाईचा पत्त्यांचा खेळ रद्दींत जात नाहीं.

आणि खुलेपणाचें काय? प्रणाली खुली आहे हें खरें. परंतु ती खुली कोणाला? कारखानदारानें ती खुली घेतली आणि बाईला मोहोर लावून विकली. खुलेपणाचा लाभ ज्यानें स्वतः घेतला, त्यानें तो पुढच्याच्या हातीं न देतां वाटेंतच अडवून ठेवावा आणि वर खुलेपणाच्याच नांवानें समर्थन करावें, हें मला न्यायाचें वाटत नाहीं.

बरें, कारखानदार तरी खरोखर मोकळा होता काय? अँड्रॉइड खुली असली तरी गूगलचें अॅप्सचें दुकान खुलें नाहीं. तें फोनांत हवें तर गूगलशीं करार करावा लागतो. आणि तो करार असा असे कीं, दुकान हवें तर सोबत आमचीं इतरही अॅप्स आंत घ्या. म्हणजे बाईच्या घरांत कारखानदारानें बिऱ्हाडकरू घातले, आणि कारखानदाराच्या घरांत गूगलनें. युरोपीय आयोगानें या व अशा इतर अटींबद्दल १८ जुलै २०१८ रोजीं गूगलला ४३४ कोटि युरोंचा दंड केला. तो पुढें न्यायालयानें थोडा कमी केला. आपल्या भारतीय स्पर्धा आयोगानेंही चौकशी करून २० ऑक्टोबर २०२२ रोजीं १,३३७.७६ कोटि रुपयांचा दंड ठोठावला. सर्वोच्च न्यायालयानें १९ जानेवारी २०२३ रोजीं त्या आदेशास स्थगिति नाकारली, आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेस गूगलनें जाहीर केलें कीं, भारतांतील कारखानदारांना आपलीं अॅप्स सुटीं सुटीं घेतां येतील.

पुढची गोष्ट आपल्या विषयाला अधिक जवळची आहे. आयोगाच्या निर्देशांत एक असाही होता कीं, आधींच भरलेलीं आपलीं अॅप्स वापरणारास काढून टाकावयाचीं असतील तर गूगलनें आडकाठी करूं नये. गूगलनें अपील केलें. २९ मार्च २०२३ रोजीं राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणानें दंड कायम केला, परंतु आयोगाच्या १० निर्देशांपैकीं ४ रद्द केले. रद्द झालेल्यांत नेमका हाही होता. पुढें प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे गेलें. मी कायदेपंडित नाहीं. न्यायासनाचा पूर्ण आदर राखून एवढेंच म्हणतों कीं, या साऱ्या झगड्यांत कारखानदाराला निवड करण्याची मोकळीक मिळाली, आणि ज्याच्या हातांत फोन असतो तो मात्र होता तेथेंच राहिला.

कोणी म्हणेल, गुरुजी, एका खेळानें जागा अडविली, एवढेंच ना? एवढेंच नाहीं. घरांत राहणारा केवळ जागा अडवीत नाहीं. तो घरांतलें बोलणेंही ऐकतो. लेनोव्हो कंपनीनें २०१४-१५ सालीं विकलेल्या कांहीं लॅपटॉपांत ‘सुपरफिश’ नांवाच्या तिऱ्हाईत कंपनीचें एक साधन आधींच घातलेलें होतें. त्याचें काम खरेदी करणारास जाहिराती दाखविणें. परंतु त्या कामासाठीं त्यानें बँकेसारख्या सुरक्षित संकेतस्थळांच्या कुलपांना चालेल अशी एक किल्ली यंत्रांत ठेवून दिली; आणि मौज अशी कीं, सर्व यंत्रांत ती किल्ली एकच! एका चोराला ती सांपडली कीं सर्वांचींच कुलुपें उघडावीं. २०१५ च्या फेब्रुवारींत हें उघडकीस आलें, कंपनीला तें साधन मागें घ्यावें लागलें, आणि २०१७ सालीं अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगापुढें तडजोड करावी लागली. फोनांच्या बाबतींतही स्पेन व अमेरिका येथील संशोधकांनीं २०१९ सालीं २१४ कंपन्यांच्या १,७०० हून अधिक फोनांतील ८२,००० हून अधिक आधींच भरलेल्या अॅप्सची तपासणी केली. आपण स्वतः घेतलेल्या अॅपला जेथें शिरतां येत नाहीं तेथें यांतील कित्येकांना शिरकाव होता, आणि वापरणाराची माहिती तीं त्याच्या नकळत इतरांकडे पोहोंचवीत, असें त्यांना आढळलें.

मनाला लागणारी आणखी एक गोष्ट आहे, ती विश्वासाची. २०१८ सालच्या ऑगस्टमध्यें एके दिवशीं देशांतील कितीतरी लोकांना आपल्या फोनाच्या वहींत ‘आधार’च्या मदतकेंद्राचा एक जुना क्रमांक नोंदलेला दिसला. तो कोणींच लिहून ठेवलेला नव्हता. आमच्या गल्लींतही दोन दिवस तीच चर्चा. सरकार फोनांत शिरलें, कोणी परका शिरला, अशा नाना कंड्या उठल्या. अखेर गूगलनें खुलासा केला कीं, २०१४ सालीं भारतांतील कारखानदारांना दिलेल्या फोन-मांडणीच्या आज्ञावलींत तो क्रमांक आपल्याकडूनच अनवधानानें राहून गेला होता. क्रमांक निरुपद्रवी होता. परंतु माझ्या वहींत माझ्या हातचें नसलेलें अक्षर दिसलें, तर तें कितीही सुवाच्य असो, मी दचकणारच.

हीच गोष्ट गेल्या काळांत सरकारलाही अनुभवास आली. ‘संचार साथी’ हें दूरसंचार विभागाचें अॅप उपयोगाचें आहे. चोरीस गेलेला फोन त्यावरून अडवितां येतो. आपल्या नांवावर दुसऱ्या कोणीं क्रमांक घेतले आहेत काय तें पाहतां येतें. तें प्रत्येक नव्या फोनांत आधींच घालावें असा आदेश विभागानें २८ नोव्हेंबर २०२५ रोजीं कारखानदारांना दिला. देशभर हरकती उठल्या, आणि ३ डिसेंबरला सक्ती मागें घेण्यांत आली. मागें घेतांना सरकारनेंच सांगितलें कीं, तोंवर १ कोटि ४० लाख लोकांनीं तें आपणहून उतरवून घेतलें होतें. मला या आंकड्यांत मोठा बोध दिसतो. चांगली वस्तु लोक मागून घेतात. शाळेंतही माझा हाच अनुभव. सक्तीनें वांटलेलें पुस्तक मुलें वेष्टनासकट ठेवून देत. कपाटांतून स्वतः निवडलेलें मात्र पानें सुटेपर्यंत वाचीत.

तेव्हां माझें मत असें. कारखानदारानें दुसऱ्यांचीं अॅप्स आधींच भरूं नयेत, असें मी म्हणत नाहीं. तसें म्हटलें तर स्वस्त फोन महाग होईल आणि नवागतांची वाट अडेल. परंतु भरावयाचीं तर तीन अटींवर.

पहिली अट, आधीं सांगावें. बिस्किटांच्या पुड्यावरही निव्वळ वजन छापावें लागतें. कागदाचें वजन धरून चालत नाहीं. मग फोनाच्या खोक्यावर नुसतें ‘३२ जी.बी.’ कां असावें? त्यांतून ग्राहकाच्या वांट्याला निव्वळ जागा किती येणार आणि आंत कोणाकोणाचीं अॅप्स बसलेलीं आहेत, हें मराठींत, ठळक अक्षरांत लिहावें. स्वस्ताई अॅप्समुळें आहे तर लपविण्याचें कारण काय?

दुसरी अट, काढतां यावें. फोन चालण्यास जें अवश्य नाहीं तें मोहोरबंद कोठींत ठेवूंच नये. युरोपांत ७ मार्च २०२४ पासून तेथील नव्या कायद्यान्वयें मोठ्या कंपन्यांवर असें बंधन आलें आहे कीं, प्रणालीस अत्यावश्यक नसलेलें अॅप वापरणारास सहज काढतां आलें पाहिजे. तेथें जें जमतें तें येथें न जमण्याचें कारण मला दिसत नाहीं. नव्या देशी अॅपचेंही यांत नुकसान नाहीं. त्यानें पहिल्या दिवशीं घरांत यावें, आपलें गुण दाखवावे; गुण असतील तर त्याला घालवील कोण?

तिसरी अट, विचारून शिरावें. आधींच बसलेल्या अॅपनेंही फोटो, संभाषण, पत्ते यांना हात लावण्यापूर्वीं नव्या अॅपप्रमाणेंच आपली परवानगी मागावी. कारखान्यानें ती आपल्या वतीनें देऊन टाकूं नये.

कायदे होतील तेव्हां होतील; तोंवर घरांतल्या मंडळींनीं काय करावें? फोन घेतांना दुकानदाराला तो सुरू करून दाखवावयास सांगावें आणि मोकळी जागा किती तें डोळ्यांनीं पाहावें. पहिल्यांदा फोन मांडतांना निरनिराळीं अॅप्स घेण्याविषयीं विचारणा होते. तेथें घाईघाईनें ‘पुढें’ दाबूं नये, नको त्या खुणा काढून टाकाव्या. मग पहिल्याच दिवशीं सर्व अॅप्सची यादी उघडून जीं निघतील तीं काढावीं, जीं निघणार नाहींत तीं बंद करावीं आणि त्यांच्या परवानग्या काढून घ्याव्या. आणि सर्वांत महत्त्वाचें, जें फोटो किंवा जो आवाज पुन्हां मिळणार नाहीं त्याची दुसरी प्रत फोनाबाहेर ठेवावी. हें शेवटचें शहाणपण आम्हांला उशिरा सुचलें.

बाईचा फोन अजून तोच आहे. पत्त्यांचा खेळही त्यांत आहे. झोपलेला, पण आहे. नातवानें तें भजन परत मिळविण्याची पुष्कळ खटपट केली. तें मिळालें नाहीं.

जातां जातां एक सांगतों. नागपूरचें नभोवाणी केंद्र १९४८ सालीं सुरू झालें. माझ्या लहानपणीं घरीं रेडिओ आला, तेव्हां त्यांत कोणतें केंद्र लागावें हें दुकानदारानें ठरवून दिलेलें नव्हतें. वडील खुंटी फिरवीत. नागपूर लागे, मुंबई लागे, कधीं सिलोनही लागे. आणि नको झालें म्हणजे ते रेडिओचा कान पिळून तो बंद करीत. आज माझें हें भाषण कोणाला कंटाळवाणें वाटलें असेल, तर त्याच्याही हातीं ती खुंटी आहे, आणि ती त्यानें फिरविली असल्यास मला राग नाहीं. तेवढाच अधिकार बाईच्या बोटाला तिच्या स्वतःच्या फोनावर असावा, एवढेंच माझें मागणें आहे.